पन्नाशीतली जीप

आमच्या जीपचा चेसिस नंबर घ्यायचा तर पुढच्या चाकाशेजारी पाठीवर झोपून आत सरकावे लागते. आधी रॉकेलचा बोळा, मग पॉलिश पेपर, मग पातळ कागद दाबून धरायचा आणि त्यावर पेन्सिल आडवी घासायची. काळ्यातून एकेक आकडा पांढरा उमटत येतो. १९८९ पासून दर पाच वर्षांनी, रिपासिंग आले की, हे काम घरात होते. पहिल्या वेळी माझे वडील, तात्या, गाडीखाली होते आणि मी बॅटरी धरून बाहेर. २०२४ मध्ये मी खाली होतो आणि मुलगा मोबाइलचा उजेड दाखवत होता. गंज इतका चढला होता की शेवटचे दोन आकडे लागायला अर्धा दिवस गेला.

गाडी १९७४ ची महिंद्रा, उंच बॉनेटची, पेट्रोलवरची. तात्यांनी ती १९८१ मध्ये सेकंडहँड घेतली. कांदा आळेफाट्याला, टोमॅटो नारायणगावला, घरातली बाळंतीण जुन्नरला, सगळे तिनेच नेले. पुढे आसपासच्या जीपांत डिझेल इंजिने बसली. पेट्रोल परवडत नव्हते, लोकांचे बरोबरच होते. तात्यांनी मात्र मूळ इंजिन काढू दिले नाही. पुण्याच्या नाना पेठेतून रिंगा आणि बेअरिंगे आणून ते दोनदा उतरवून बांधले.

त्या हट्टाची किंमत २०२१ मध्ये कळली. त्या वर्षी केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली असावीत आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपा या अटीतच अडकतात. आमची, २०२४ मध्ये पन्नाशी भरल्यावर, त्यांत बसत होती. घरात दोन रात्री त्यावर बोलणे झाले, कारण पुढचे कलम असे की ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

जुने जपणे आमच्या बोरी गावाला नवे नाही. कुकडीच्या काठावरच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि तिथे सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांमुळे गाव दूरदूरच्या अभ्यासकांना माहीत झाले. ती राख जपायची तर तिला हात लावायचा नाही. जीपचे उलटे आहे. ती महिनाभर उभी राहिली की ब्रेकचे सिलिंडर धरतात, पेट्रोल पंपाचा पडदा सुकतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. म्हणून आम्ही व्हिंटेजचा अर्ज केला नाही, साधेच रिपासिंग केले. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो, आणि कायद्यात रोज चालणाऱ्या पण मूळ रूपातल्या गाडीलाही जागा हवी, असे मनापासून वाटते.

खर्च मात्र चढत गेला. २०१९ मध्ये नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर आणि विमा निराळा. पेट्रोलही बदलले: त्यात आता २० टक्के इथेनॉल असते, काही आपल्या ऊसपट्ट्यातलेही. ते जुन्या रबराला सोसत नाही. मागच्या वर्षभरात पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडला. जेट साफ करताना मुलाने ते उजेडापुढे धरले आणि बारीक भोकातून बराच वेळ पलीकडे बघत राहिला. तात्याही असेच बघायचे.

नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली त्या दिवशी पेंटरच्या हातची जुनी पाटी निघाली. ‘एमएच’ येण्याआधीची तीन अक्षरे, पिवळट पडलेला रंग, एका कोपऱ्यात बैलगाडीच्या धक्क्याचा पोचा. ती धान्याच्या कोठीवर ठेवली आहे.

पुढचे रिपासिंग २०२९ ला. गंज धरू नये म्हणून चेसिस नंबरावर ग्रीसचा हात फिरवून ठेवला आहे.