रोगलाइक आवडतात म्हणजे नेमकं काय आवडतं?

'एखादा चांगला इंडी गेम सुचव ना' असं कुणी म्हणालं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या जॉनरचे आवडतात? समोरचा म्हणतो, रोगलाइक. आणि आपण घाईघाईने 'हेडिस', 'स्ले द स्पायर', 'स्पेलंकी' अशी तीन नावं देऊन मोकळे होतो.

आता हे तीन गेम शेजारी शेजारी ठेवून बघा. 'स्पेलंकी'मध्ये उड्या मारत, सापळे चुकवत गुहेत उतरायचंय. अर्ध्या सेकंदाची चूक आणि खेळ खलास. 'स्ले द स्पायर'मध्ये वेळेची काही घाई नाही, पत्ते हातात धरून दहा मिनिटं विचार करत बसलात तरी चालतं. 'हेडिस'मध्ये तलवारबाजी आहेच, पण मेल्यावर घरी परतून वडिलांचे टोमणे ऐकण्यात निम्मी गंमत आहे. तिघांवर लेबल एकच. एक आवडलेल्याला दुसरा आवडेलच याची खात्री कोण देणार?

मूळ 'रोग' हा गेम १९८० चा. त्याच्यासारखा तो रोगलाइक, इतकी साधी गोष्ट. पण 'सारखा' कशात? २००८ मध्ये बर्लिनला या प्रकारचे गेम बनवणाऱ्यांची परिषद भरली आणि तिथे वैशिष्ट्यांची एक यादीच तयार झाली: दर वेळी नव्याने तयार होणारा नकाशा, मेलं की सुरुवातीपासून, आळीपाळीने चाली, चौकटींवरची हालचाल, वगैरे. यादीतलं एखादं वैशिष्ट्य नसलं म्हणून गेम बाद होत नाही, असंही तिथे नोंदवलंय. तरीसुद्धा 'हेडिस' या यादीवर फारच लंगडत चालतो. आळीपाळी नाही, चौकटी नाहीत. म्हणजे लोक आज जो शब्द वापरतात आणि ती व्याख्या, दोन्ही वेगळ्या दिशेला गेलेत. तुमच्या संशोधन-प्रस्तावात 'जॉनर' हा व्हेरिएबल असेल तर व्याख्या कुणाची घेतली, हे मार्गदर्शक विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

मग जॉनर सोडून खेळण्यातल्या मजेकडून सुरुवात केली तर? हुनिकी, लेब्लांक आणि झुबेक यांचा २००४ चा एमडीए नावाचा पेपर गेम-संशोधनात पुन्हा पुन्हा समोर येतो. त्यात मजेचे आठ प्रकार मांडलेत. आव्हान, शोध, कथा, सोबत हे त्यातले काही. आठच का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर छान, तो पडायलाच हवा. ही यादी मांडलेली आहे, मोजून सिद्ध केलेली नाही. पण सुचवण्याच्या कामाला ती फार उपयोगी पडते.

उदाहरण घ्या. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा अंतराळातला गेम. सुरुवात झाली ती दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मास्टर्सच्या थीसिसमधून (हे वाचून मला माझ्या थीसिसबद्दल उगाचच आशा वाटते). त्यात बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू. तुम्ही ना नवं शस्त्र मिळवता, ना लेव्हल वाढवता. सोबत राहतं ते फक्त कळलेलं ज्ञान. हा ज्याला आवडला त्याला जॉनर बघून दुसरा अंतराळातला गेम दिलात तर तो बहुधा कंटाळेल. त्याला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) द्या. १८०७ सालचं जहाज, साठ माणसं, विम्याचा तपासनीस. प्रत्येकाचं नाव आणि शेवट कसा झाला ते शोधायचं. तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम ते मान्य करतो, त्यामुळे नुसते अंदाज ठोकून फारसं भागत नाही. वरवर काही साम्य नाही, पण आतली मजा एकच: धागे जुळवून 'अरेच्चा!' म्हणण्याची.

यंत्र हे काम कसं करतं? सगळ्यात प्रचलित पद्धत कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग. कल्पना अशी, की तुमच्यासारखं खेळणाऱ्यांना जे आवडलं ते तुम्हालाही आवडेल. स्टीमने २०१९ मध्ये आणलेला इंटरॅक्टिव्ह रेकमेंडर याच कुळातला. त्याला टॅग किंवा परीक्षणं शिकवलेली नव्हती. कोण काय खेळतं आणि किती वेळ खेळतं, यावरून तो नमुने शिकला. जॉनर कुणी न सांगता! ऐकायला भारी वाटतं, पण इथे दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं म्हणजे, खेळलेला वेळ म्हणजे आवड का? 'स्टारड्यू व्हॅली'त शेती करत शंभर तास सहज जातात. 'ओब्रा डिन' दहा-बारा तासांत संपतो आणि उकल कळल्यावर पुन्हा खेळण्यात अर्थ नसतो. तासांच्या हिशोबात दुसरा कायम मागे राहणार. तुम्ही मोजताय एक आणि नाव देताय दुसऱ्याचं, यालाच कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात.

दुसरं, ज्याला अजून कुणी खेळलंच नाही त्याचं काय? याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. डेटा नाही म्हणून शिफारस नाही, शिफारस नाही म्हणून डेटा नाही. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीचा पैसा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी 'राजी' (२०२०) काढला, तसा लहान गट नवा गेम घेऊन येतो तेव्हा हे वर्तुळ त्याच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न असतो. इथे टॅग आणि वर्णन, म्हणजे गेमच्या आत काय आहे याची माहिती, पुन्हा कामाला येते. म्हणून बऱ्याच प्रणाली दोन्ही पद्धती मिसळतात.

माणसाला हे वर्तुळ फोडणं सोपं जातं. पुढच्या वेळी कुणी गेम विचारला तर जॉनर विचारू नका. 'शेवटचा गेम कुठल्या क्षणी सोडवेना?' असं विचारा, आणि काय सांगतात ते शब्दशः लिहून ठेवा. वीस जणांची अशी उत्तरं जमली की ती त्या आठ प्रकारांत बसवून बघा. जी कुठेच बसत नाहीत, ती वेगळी काढून ठेवा. वाचायची सुरुवात तिथूनच करा.