वृद्धांची चाल आणि पोटरीतील शिल्लक बळ

वयोमानानुसार चाल मंदावते, पावले आखूड पडू लागतात आणि गुडघे थकले असे समजून घरची मंडळी काठी आणून देतात. पोटरीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मागचे पाऊल उचलताना पोटरीचे स्नायू जमिनीला रेटा देतात. वार्धक्यात हा रेटा उणावतो व त्याचा भार खुब्याच्या स्नायूंवर येतो.

या संदर्भात अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. पायाचा जोर मोजणाऱ्या ट्रेडमिलवर वृद्ध व्यक्तींना चालविण्यात आले. आपला रेटा किती पडतो, हे त्यांना समोरच्या पडद्यावर तत्क्षणी दिसत होते. गाठावयाची पातळीही तेथेच दर्शविलेली होती. तेव्हा त्यांचा रेटा तरुणांच्या नेहमीच्या चालीतील रेट्याइतका, किंबहुना अधिकही झाला. म्हणजे बळ होतेच. ते वापरले जात नव्हते, एवढेच!

अर्थात, पडद्याकडे पाहून सुधारलेली चाल बाजारच्या रस्त्यावर टिकविणे हे दीर्घ सरावाचे काम आहे. तो सराव भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा. तोल जात असेल त्यांनी तर ट्रेडमिलवर एकट्याने चढूच नये.