आधी कोड विचारा, मग इंजिन उतरवा!

मैत्रिणींनो, गाडी चालवायला आपण शिकलो, पण बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे सरकतो. मग मेकॅनिक म्हणेल तेच खरं! म्हणून आज थोडं इंजिनाविषयी.

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन म्हणजे चार बर्नरची शेगडीच समजा. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारा एक स्पार्क प्लग आणि प्लगला जोरदार वीज पुरवणारी कॉइल. एक बर्नर पेटेनासा झाला, की तो मिसफायर. गाडी उभ्या-उभ्या थरथरते, चढावर दम टाकते, पेट्रोलचा वास येतो.

गेल्या पावसाळ्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना आमच्या गाडीने नेमकं हेच केलं. चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा लुकलुकला तर गाडी रेटू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जातं आणि तिथला धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. टोचन लावून ती खाली आणली.

पहिल्या गॅरेजात ऐकलं, “वहिनी, इंजिन उतरवावं लागेल.” मी म्हटलं, “आधी स्कॅनर लावा ना.” “त्याची काय गरज?” म्हणाले. मी सरळ दुसरं गॅरेज गाठलं.

तिथल्या काकांनी स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. इंजिन गार झाल्यावर त्यांनी दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी सुरू केली. आता कोड आला पी ०३०३! कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. इंजिन ठणठणीत! नवी कॉइल बसवली आणि गाडीची थरथर थांबली.

दोष जागचा हलला नसता, तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासायचं. काही गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल नसते, तिथे प्लगच्या वायरीही बघतात. पण क्रम तोच, स्वस्तातून महागाकडे.

हातात पाना घ्यायलाच हवा असं नाही. “कोड कुठला आला? कॉइल आणि प्लग बदलून पाहिले का?” एवढं ठामपणे विचारा आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. समोरचा माणूस आपोआप नीट बोलायला लागतो, बघा!