आधी कोड दाखव

तेलीबांधा तलावाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. रविवारी सकाळी फिरायला आलेल्यांची गर्दी ओसरली, की तलावाजवळच्या एका कार्यालयात आमचा प्रोग्रॅमिंगचा गट जमतो. कार्यालय गटातल्याच एकाचं, रविवारी बंद असतं. येणाऱ्यांत नव्या रायपूरच्या कॉलेजातली मुलं-मुली आहेत, चौबे कॉलनीतले एक हिशेबनीस आहेत, वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर काका आहेत. कोड लिहून पोट भरणारे थोडे, बाकी सगळे हौशी. बोलणं मराठीत सुरू होतं, हिंदीत शिरतं आणि काही अडलं की कोणीतरी छत्तीसगढीत विचारतं, “का होगे?” चर्चा रंगायला वेळ लागत नाही. ती मुद्द्यावर ठेवायला मात्र पडद्यामागे बरीच खटपट करावी लागते, आणि ती माझ्याकडे आहे.

एका पैशाचा किस्सा आमच्याकडे अजून निघतो. एका मुलाने स्वतःच्या काकांच्या किराणा दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहिला होता. ५३ रुपये ५० पैशांच्या मालावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २.६७५ रुपये. दोन दशांशांपर्यंत राउंड केलं तर २.६८ यायला हवेत. त्याच्या पायथॉनमध्ये येत होते २.६७. समोरच्याने लगेच लॅपटॉप फिरवून दाखवला, “माझ्याकडे तर २.६८ येतात.” झालं! कोणी पायथॉनची आवृत्ती विचारली, कोणी विंडोजला दोष दिला. कोपऱ्यातून सल्ला आला, “पायथॉन सोड, सी प्लस प्लस घे.” तिथून पुढे कोणती भाषा श्रेष्ठ यावर सगळे तुटून पडले आणि बिचारा एक पैसा बाजूला राहिला.

दोघांना फळ्यापाशी बोलावलं आणि आपापली ओळ जशीच्या तशी लिहायला सांगितली. पहिल्याने लिहिलं होतं, ५३.५० गुणिले ५ भागिले १००. दुसऱ्याने, ५३.५० गुणिले ०.०५. कागदावर दोन्हींचं उत्तर एकच. संगणकात तसं नाही. तिथे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवले जातात आणि २.६७५ हा आकडा त्यात नेमका बसत नाही. त्याच्या सर्वांत जवळचा आकडा किंचित कमी आहे, २.६७४९९९९९ असा लांबत जाणारा. पहिली ओळ तिथे पोचते, म्हणून राउंड केल्यावर २.६७. दुसरीत ०.०५ हा आकडाच साठवताना किंचित मोठा होतो, त्यामुळे गुणाकार त्याच्या पुढच्या आकड्यावर जाऊन पडतो आणि २.६८ मिळतात. भाषा बदलूनही सुटका नव्हती, कारण आकडे साठवण्याचं हे आयईईई ७५४ नावाचं मानक १९८५ पासूनचं आहे आणि सी प्लस प्लसमधला डबलही आज जवळपास सगळीकडे त्याच चालीने चालतो. पैशांचा हिशेब असेल तर पायथॉनमध्ये डेसिमल वापरायचं, आकडा अवतरणचिन्हांत द्यायचा आणि अर्धा पैसा आला की वर न्यायचा हे स्पष्ट लिहायचं. तसं लिहिलं नाही तर डेसिमल अर्ध्याला सम अंकाकडे नेतं, म्हणजे २.६६५ चे २.६६ होतात. हिशेबनीसांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

पाऊण तासाची वादावादी फळ्यावरच्या दोन ओळींनी संपली. तेव्हापासून आमचा रिवाज ठरला. “चालत नाही” एवढं म्हणून कोणी बसायचं नाही. काय दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं आणि ती नेमकी ओळ, हे चार धागे हातात घेऊनच तोंड उघडायचं. यातून एक गंमत घडते. कित्येक जण प्रश्न नीट लिहून काढतानाच थांबतात आणि म्हणतात, “राहू दे, सापडलं.” अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ मधल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला कोड समजावून सांगायची युक्ती आहे, ती हीच. असे न विचारलेले प्रश्न मला आमच्या गटाची मोठी कमाई वाटतात.

आता अवांतराचं. अवांतर बंद करावं असं मला कधीच वाटलं नाही, कारण ओळखी त्यातूनच होतात. त्याला जागा हवी, एवढंच. हे मी शिकलो होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या हकिगतींवरून. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्कमध्ये, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात काही हौशी लोक जमले. स्टीव्ह वॉझ्नियाक त्या पहिल्या बैठकीला होते. पुढे गर्दी वाढली, बैठका स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि त्या चालवायचं काम ली फेल्सनस्टाइन यांच्याकडे आलं. त्यांनी बैठकीचे भाग पाडले. एका भागात जो तो उभा राहून थोडक्यात सांगे, माझ्याकडे हे आहे, मला ते हवं आहे. कोण कशाच्या मागे आहे हे सगळ्यांना कळे. मग ‘रँडम ॲक्सेस’ची वेळ. ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याला गाठून मनसोक्त बोलावं. सुटे भाग, आराखडे, प्रोग्राम तिथे हातोहात फिरत. ज्या क्लबात ॲपल वन पहिल्यांदा लोकांसमोर आला, तिथे मोकळ्या गप्पांना वेळापत्रकात स्वतःचं स्थान होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आमची रँडम ॲक्सेस म्हणजे तलावाची फेरी. टेबलावर बसलेलो असताना प्रश्नांखेरीज काही नाही. लॅपटॉप मिटले, की सगळे तलावाकडे. नोकरी, पगार, कोणता फोन घ्यावा, पायथॉन की रस्ट, सगळं तिथे. टेबलावर कोणी भरकटायला लागलं तर मी एवढंच म्हणतो, “हे फेरीत.” गप्प बसवल्याचा राग कोणाला येत नाही, कारण फेरी खरोखर होते. जून-जुलैत पाऊस धरला तर जिन्यात उभं राहून होते.

सगळ्यांत नाजूक काम निराळंच होतं. इंजिनिअर काकांना खूप येतं, आणि सांगण्याची ओढही तेवढीच. नवख्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार. उत्तर बहुतेकदा बरोबर, पण विचारणारी मुलगी तोवर वही मिटून बसलेली. इथे दुर्गापूरची एक पद्धत कामी आली. तिथल्या लिनक्स गटाची, डीजीप्लगची, सुरुवात कुशल दास यांनी केली. पुढे ते पुण्यात रेड हॅटमध्ये होते. या गटाचं उन्हाळी प्रशिक्षण २००८ पासून इंटरनेटवरच्या आयआरसी खोलीत, निव्वळ टंकलेल्या अक्षरांत चालत आलं. शिकणारे देशभर विखुरलेले, एकमेकांना न दिसणारे. म्हणून नियम असा, की प्रश्न असेल तर आधी फक्त एक उद्गारचिन्ह टंकायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. आमच्याकडे उद्गारचिन्ह म्हणजे वर केलेलं एक बोट. पाळी मी देतो, आणि त्या दिवशी न बोललेल्याला आधी.

काकांशी मी फेरीत एकटाच बोललो. “काका, तुम्ही वही सांभाळाल का? प्रत्येक अडचणीचं एक पान. लक्षण काय, कारण काय, उपाय काय.” त्यांनी मनावर घेतलं. लिहिण्यासाठी ऐकावं लागतं, आणि पूर्ण ऐकल्यावर त्यांचे प्रश्नही नेमके झाले. एक पैशाचं पान त्यांच्याच अक्षरात आहे. तीच अडचण पुन्हा घेऊन कोणी आलं, की ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवतात आणि शेजारी बसतात. “हे मागेच झालं” असं तोडून बोललेलं त्यांना खपत नाही.

अलीकडे नवा पेच आहे तो यंत्राने लिहून दिलेल्या कोडचा. चॅटजीपीटी आल्यावर आठवडाभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने त्याची उत्तरं तिथे द्यायला मनाई केली. वरून बरोबर दिसणारी पण चुकीची उत्तरं ढिगाने येत होती आणि ती तपासायला माणसं पुरत नव्हती. आमच्या छोट्या टेबलाला तशी बंदी घालायची गरज वाटली नाही. कोड कुठूनही आणा, पण जी ओळ विचाराल ती आधी तुम्ही समजावून सांगायची, एवढंच ठरलं. मध्यंतरी एक मुलगी परीक्षांच्या तारखा क्रमाने लावणारा कोड घेऊन आली. पंधरा ऑगस्टच्या आधी एक डिसेंबर येत होता. ओळीमागून ओळ ती छान सांगत गेली आणि क्रम लावणाऱ्या ओळीवर अडखळली. दोष तिथेच होता. तारखा मजकूर म्हणून लावल्या जात होत्या, म्हणून पहिली तुलना दिवसाच्या आकड्याची होत होती. काका काही बोलले नाहीत. तिनेच वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी मांडणी केली, कोड पुन्हा चालवला, आणि काकांकडून वही मागून घेऊन ते पान स्वतः लिहिलं.