लग्नाचा की नोकरीचा?

कॅम्प ४मध्ये लाल चक्कीजवळच्या झेरॉक्सवाल्याला ‘बायोडाटा करायचाय’ म्हटलं, की तो स्क्रीनवरून नजर न हलवता विचारतो, “लग्नाचा की नोकरीचा?” दोन्ही साचे एकाच फोल्डरमध्ये. मग प्राध्यापकीच्या अर्जावर माथ्याला गणपती, खाली उंची नि रक्तगट, असा ऐवज बाहेर पडतो. माझ्या एका मैत्रिणीच्या सीव्हीत शेवटी ‘अपेक्षा : अनुरूप’ तसंच राहिलं होतं. प्रिंट मारायच्या आधी दिसलं म्हणून बरं!

पत्त्यापासून सुरुवात करू. बाहेरगावचे मुलाखतकार ‘कॅम्प’ वाचून हमखास अडखळतात. ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले आणि १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. गंमत पिनकोडात आहे. कॅम्प १चा ४२१००१, कॅम्प ४चा ४२१००४. शेवटचा आकडा म्हणजेच कॅम्प! तेव्हा पिन चुकला तर मुलाखतीचं पत्र दुसऱ्याच कॅम्पात.

सीव्ही फुगवायची खोड आपल्याकडे हजार वर्षांची तरी असावी. शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातला. हे शिलाहार राज्य करायचे उत्तर कोकणात, पण बिरुदांत मिरवायचे ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणून. तगर म्हणजे पार धाराशिव जिल्ह्यातलं तेर! मात्र लेखावर साल घालायला ते विसरले नाहीत. हे आजच्या उमेदवारांनी उचलावं.

कारण खरा खेळ तारखांचा आणि गुणांचा. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत कॉलेजातल्या सहाय्यक प्राध्यापकाच्या चाळणीसाठी शंभर गुणांचा तक्ता आहे. जास्तीत जास्त पदवीला २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, जेआरएफसह नेटला १० (नुसत्या नेटला ८, सेटला ५), अनुभवाला १०, पुरस्कारांना ३. आणि शोधनिबंधांना? एकाला २, पण सगळे मिळून फक्त ६. चौथ्या निबंधाला भोपळा! तरी लोक चाळीस निबंधांची यादी पहिल्या पानावर लावतात आणि सेटचा निकाल सातव्या पानावर दडवतात.

अनुभवाचं गणित आणखी चिवट. वर्षाला २ गुण, वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात कमी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी नुसतं ‘२०१९-२०’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने किती महिने धरायचे? रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख हवी, आणि ओळीमागे प्रमाणपत्र हवं. तेच मागायला आपण तीन वर्षांनी जातो, तोवर प्राचार्य बदललेले असतात.

पीएच.डी.च्या तारखेबद्दल तर थेट बाबासाहेबांचंच उदाहरण. लंडनची डी.एस्सी. १९२३ची, कोलंबियाची पीएच.डी. मात्र रीतसर हाती आली १९२७मध्ये. तिथे छापील प्रबंध द्यावा लागे आणि तो पुस्तकरूपाने निघाला १९२५ला. तेव्हा ‘प्रबंध सादर’ आणि ‘पदवी प्रदान’ या दोन वेगळ्या ओळी. पहिलीच्या जोरावर नावाआधी ‘डॉ.’ लावणारे आमच्याही ओळखीत आहेत.

नावाचा घोळ वेगळाच. ‘एस. पाटील’ म्हणून शोधा, अख्खी लोकल भरेल. त्यात लग्नानंतर आडनाव बदललं, की आधीचे निबंध माहेरी राहतात. त्यावर उतारा म्हणजे संशोधकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक : २०१२पासून मिळतो, फुकट, सोळा अंकी. नाव बदलो, क्रमांक तोच.

एवढं सगळं करून गुणांचा तक्ता मुलाखतीच्या दारापर्यंतच सोबत करतो; त्याच नियमावलीप्रमाणे पुढची निवड मुलाखतीवर. हे मी झेरॉक्सवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, “मग ताई, फोटो लावूनच ठेवू. दोन्हीकडे चालेल.”