सूचना कळली तरच जीव वाचेल

बेळगावच्या कोणत्याही वाढत्या उपनगरात फेरफटका मारा. बांधकामाच्या फाटकावर सुरक्षेचा फलक असतो. मजकूर बहुधा कन्नड वा इंग्रजी. आत मात्र जवळच्या खेड्यातला मराठी गवंडी, बागलकोटकडचा कन्नड भाषिक बिगारी आणि ओडिशा-बिहारकडचे सेंटरिंगवाले एकाच परांचीवर राबत असतात. त्यातल्या कित्येकांना वाचताही येत नाही. मग फलक कोणासाठी?

सीमाभागात फलकाची भाषा म्हटली की वाद आलाच. तो वाद त्याच्या जागी राहो. येथे प्रश्न जिवाचा आहे.

चराचे उदाहरण घ्या. भारतीय मानक ३७६४ सांगते की, मातीतला चर दीड मीटरहून खोल गेला की त्याला फळ्यांचा आधार द्यावा, आणि उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी. कारण उघड आहे. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या घरात जाते. पावसात भिजली की त्याहून अधिक. ती कोसळल्यावर आतल्या माणसाला श्वासही घेता येत नाही. एवढे ज्ञान इंग्रजी पुस्तिकेत पडून राहते आणि चरात उतरणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आज मुकादम हजेरीसुद्धा व्हॉट्सॲपवर कळवतो. त्याच वाटेने दोन मिनिटांची ध्वनिफीत मराठी, कन्नड, हिंदी आणि ओडियातून प्रत्येकाच्या फोनवर का जाऊ नये? २०२२ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'भाषिणी'सारख्या सोयीमुळे भाषांतराचे कामही हलके झाले आहे. मात्र यंत्र 'मचाण' म्हणेल आणि गवंडी 'परांची'च ओळखेल. म्हणून पाठवण्यापूर्वी ती फीत एखाद्या जाणत्या गवंड्याला ऐकवून दुरुस्त करून घ्यावी. ऐकायची तीही काम सुरू होण्यापूर्वी, जमिनीवर उभे राहून; परांचीवर फोन म्हणजे नवा धोका. आणि फळ्या, हेल्मेट, पट्टा यांचा खर्च ठेकेदाराने करायचाच आहे. ध्वनिफीत हा त्याला पर्याय नव्हे.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. पण गाऱ्हाणे अपघातानंतर येते. सूचना आधी हवी, आणि ती ज्याच्या डोक्यावर घमेले आहे त्याच्या भाषेत हवी.