रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

कोरेगाव भीमाजवळचं वढू बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. वैद्यकाच्या जगात त्याची आणखी एक ओळख आहे. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, आणि २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची शिस्तीत नोंद होऊ लागली. अशा मुलखातही ‘अंगात त्राणच नाही’ म्हणत कुणी दवाखान्याची पायरी चढलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: अशक्तपणा आहे, रक्त कमी असेल, सलाईन लावू.

रक्तावरचा संशय बिनबुडाचा नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. त्यामुळे हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, साखर, क्षयरोग हे आधी तपासलंच पाहिजे. पंचाईत होते ती सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर.

२००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाचा गोव्यातला अभ्यास आला. १८ ते ५० वयाच्या २४९४ बायांपैकी १२.१ टक्के जणींनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचं सांगितलं. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध आढळला नाही. आढळला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी आणि मानसिक त्रासाशी. या साऱ्याजणींना क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा दीर्घ थकव्याचा आजार होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होणं किती अपुरं आहे, हे त्यातून दिसलं.

प्रत्यक्ष या आजाराच्या रुग्णांची फरफट जुनी आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांमध्येच अशा आजाराची साथ उसळली आणि रुग्णालय बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांना न तपासता, कागदपत्रांवरून तिला सामूहिक उन्माद ठरवलं. रुग्णांत बायका जास्त होत्या, हाही त्यांचा एक पुरावा! १९८८ मध्ये अमेरिकेने आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिलं. नावात नुसता थकवा राहिला आणि ‘थकतो तर आम्हीही’ म्हणायला सगळे मोकळे झाले.

सर्वांत कडू अनुभव व्यायामाचा. ब्रिटनमधल्या ६४१ रुग्णांवरच्या ‘पेस’ चाचणीने २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवायचा व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार गुणकारी ठरवले. त्याने आम्ही आणखी खाली गेलो, असं अनेक रुग्ण सांगत राहिले. त्यांना हटवादी ठरवलं गेलं. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने चाचणीची आकडेवारी खुली झाली. यशाचे निकष चाचणी सुरू असताना बदलले होते. मूळ निकष लावल्यावर ‘बरे झालेल्यां’चा दावा टिकला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तो ठरावीक वाढीचा व्यायाम शिफारशींतून काढला आणि आपल्या ताकदीच्या आत राहून काम करण्यावर भर दिला. रुग्णांचं म्हणणं मान्य व्हायला दहा वर्षं लागली.

औषधांनीही आशा लावून निराश केलं. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधाचा सुरुवातीचा निकाल उत्साहाचा होता. १५१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१९ मध्ये, ते निष्प्रभ ठरलं.

पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोविडरुग्ण सापडले. पुढे कोविडमधून उठलेल्या काहींना जिना चढला की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागू लागलं, तेव्हा श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण अनेक डॉक्टरांना प्रथमच जवळून दिसली. हीच क्रॉनिक फटीग सिंड्रोमची मुख्य खूण, आणि ती रक्ताच्या कोणत्याही साध्या तपासणीत उमटत नाही. खास मान्यताप्राप्त औषध आजही नाही. म्हणून पुण्याच्या तज्ज्ञाकडे जाताना रिपोर्टांच्या फायलीबरोबर दोन आठवड्यांची वहीही न्यावी: कोणत्या दिवशी काय काम केलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय झालं.